बी बाजूचा शेवट

गुरुवारी, मिरजेत, दस्तगीरभाईंच्या दुकानाचं
शटर आम्ही अर्धंच ओढायचो.
पूर्ण ओढलं तर चपड्याचा वास डोक्यात चढतो,
उघडं ठेवलं तर गल्ली विचारते,
"काय वो भाई, कुणाला कापायलाय आत?"
आत गिटार चालू असायची.
भिंतीवर टांगलेले, अजून सतार न झालेले भोपळे
तिच्या खालच्या सुरांना हलकेच घुमायचे.

कॅसेटी विल्सन भोरेच्या.
मिशन हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा तो.
मायदेशी निघालेल्या डॉक्टरनं पेट्या बांधण्याआधी
रेकॉर्डी एका रात्रीपुरत्या उसन्या दिल्या.
त्या रात्रीत जेवढं भरून झालं
तेवढंच आमचं विलायत.
नावं लिहायला वेळ कुठला!
एकीवर निळ्या शाईत "इंग्रजी, चांगलं".
दुसरीवर "इंग्रजी, फार चांगलं".
तिसरीवर नुसतं
"भूपालला देऊ नये".

कारण भूपाल चौगुले हळदीच्या पेढीवर.
त्याच्याकडे गेलेली कॅसेट पिवळी होऊन यायची.
संथ गाणं लागलं की म्हणायचा,
"हे म्हणजे सौदा मोडल्यावर चहा पाजल्यासारखं."
पण ड्रम सुरू झाले की खिशातून रुमाल काढायचा,
माझ्या हातावर टाकायचा,
आणि खाली, बाजारात भाव करतात तसा,
बोटांनी ठोके सांगायचा.
कोणता भाव ठरत होता
ते मी कुणाला विचारलं नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजात. दिवसभर
"नंबर प्लीज" म्हणते, म्हणजे इंग्रजी येणारच,
असं तिघांनी परस्पर ठरवलेलं.
मग मी वहीत शब्द उतरवायचे, देवनागरीत,
आणि नाही कळलं तिथं माझं घालायचे.
विल्सन त्या ओळी प्रार्थनेसारख्या म्हणायचा.
एक ओळ त्याला सगळ्यात आवडायची.
ती माझी होती.

आता त्या एका गाण्याचं सांगते.
"फार चांगलं"च्या बी बाजूला, सगळ्यात शेवटी.
आधी नुसता माणूस गातो, थकलेला,
मग गिटार निघते, जिना चढावा तशी,
एक मजला, दुसरा, गच्चीचं दार दिसतं,
आणि खट्.
फीत संपली.

बावीस वर्षं आम्ही त्या दाराशी उभे होतो.
विल्सन म्हणे, पुढे तो परत गात असणार, रडत.
भूपाल म्हणे, ड्रम. फक्त ड्रम.
दस्तगीरभाई काही म्हणायचे नाहीत.
मांडीवरची, जवारी व्हायची बाकी सतार सरळ करायचे
आणि एक शेवट वाजवून दाखवायचे.
"आज असं गेलं असंल."
पुढच्या गुरुवारी वेगळा.
एकदा इतका लांबला
की माझी रात्रपाळी चुकली.

विल्सन गेला त्याच्या तिसऱ्या महिन्यात
त्याची सून सुहासिनी दुकानात आली.
भूपालनं तिला दोन ओळी गुणगुणून दाखवल्या,
त्यातली एक बहुधा माझी,
तरी फोनला गाणं सापडलं. "पूर्ण आहे," म्हणाली.
दस्तगीरभाईंनी कानातलं मशीन नीट बसवलं.
माणूस गायला. गिटार चढली.
आमची जागा जवळ आली,
उतरायचा स्टॉप यावा तसे आम्ही तिघं सावरून बसलो,
आणि ते गाणं न थांबता
सरळ पुढे गेलं.

पुढे काय होतं?
तेच. तीच गिटार, तेच गोल फिरणं,
आणि हळूहळू आवाज कमी,
अजून कमी,
जसं कुणी ते वाजवत वाजवत
अंकलीच्या पुलाकडं चालत गेलंय.
शेवट नव्हताच.
त्यांनाही सापडला नव्हता.

"आयला," दस्तगीरभाई म्हणाले,
"यांनी दारपण लावलं नाही."
आणि हात लांब करून कोपऱ्यातली सतार ओढली,
जिची अजून एकच तार चढली होती.

सुहासिनीनं विचारलं, "दुसरं लावू?"
भूपाल म्हणाला, "थांब की जरा."
तो सगळे खिसे चाचपत होता,
शर्टाचा, पँटचा, परत शर्टाचा.
मी हात पुढे करून बसले होते.